कागदाची साक्ष आणि साताऱ्याचा न्याय

‘कागद खोटें बोलत नाहीं,’ हें वाक्य अलीकडे आमच्या इतिहासप्रेमी मंडळींच्या तोंडीं फार ऐकूं येतें. माणूस खोटें बोलतो, बखरकार खोटें बोलतो, पोवाडा तर वाढवून सांगण्यासाठींच असतो. कागद मात्र जसें घडलें तसेंच सांगतो, असा याचा भावार्थ. बखरींवर पोसलेल्या आमच्या समाजाला एके काळीं या वाक्याची गरज होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु औषध म्हणून आणलेली वस्तु रोजच्या जेवणांत वाढूं लागलें म्हणजे काय होतें, तें पाहावयाचें असेल तर साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांच्याविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून जें बोललें जातें तें ऐकावें. राजा सज्जन होता, विद्याव्यासंगी होता, शहरास त्यानें पाणी आणलें, रस्ते बांधले, शाळा काढली, सगळें खरें. पण त्यानें कांहीं तरी केलें असलेंच पाहिजे, नाहीं तर कंपनी सरकारनें एवढे कागद उगाच कां जमविले असते? आगीवांचून धूर निघत नाहीं, ही म्हण मग हमखास पुढें येते. ती म्हण चुलीपाशीं खरी असेल. दरबारांत धूर करणारे निराळे असतात आणि त्यांना आगीची जरूर लागत नाहीं.

आम्हांस या ठिकाणीं प्रतापसिंहांचें चरित्र सांगावयाचें नाहीं. त्यांच्यावर जो आरोप आला तो कागदांवर उभा होता, म्हणून त्याची परीक्षाही कागदाच्या कायद्यानेंच व्हावयास हवी, एवढाच आमचा आग्रह आहे. कागद कोणीं लिहिला? अस्सल कोठें आहे? तो कोणाकोणाच्या हातांतून आला? आणि ज्याच्याविरुद्ध तो लिहिला त्याच्यापुढें तो कधीं ठेवला गेला काय? एखाद्या सावकाराच्या शंभर रुपयांच्या खतालाही मुन्सफ हे प्रश्न विचारतो. छत्रपतींचें राज्य ज्या कागदांनीं गेलें त्यांना ते विचारले गेले नाहींत.

प्रकरणाचा आरंभ समजल्याशिवाय कागदांचा अर्थ लागत नाहीं. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजीं कंपनीनें प्रतापसिंहांशीं तह केला. सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापुरापर्यंतचा मुलूख त्यांजकडे राहिला आणि परराज्यांशीं किंवा इतर संस्थानिकांशीं रेसिडेंटाच्या माहितीवांचून व्यवहार न करण्याचें बंधन त्यांजवर आलें. ग्रँट डफ, ब्रिग्ज, रॉबर्टसन या पहिल्या रेसिडेंटांच्या काळांत राजाबद्दल तक्रार नव्हती. उलट स्तुतीच होती. वांकडें आलें तें जहागिरींवरून. भोरचे पंतसचिव, औंधचे प्रतिनिधि, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटकर आणि वाईचे शेख मिऱ्या यांच्या जहागिरींवर छत्रपतींचा हक्क कितपत, हा तो वाद. मुंबई सरकारचें मत राजाविरुद्ध होतें, आणि विलायतेंतील डायरेक्टरांचें कोर्ट राजाच्या बाजूला झुकत होतें. १८३५ सालीं त्याच कोर्टानें राजाच्या उत्तम कारभाराबद्दल अभिनंदनाचें पत्र आणि एक रत्नजडित तलवार पाठविली. पत्र व तलवार मुंबईस पोंचलीं; साताऱ्यास पोंचलीं नाहींत. कागद खोटें बोलत नाहींत म्हणणाऱ्यांनीं या एका कागदाचा विचार आधीं करावा. तो खरा होता, स्वच्छ होता, मालकांनीं आपल्या नोकरांमार्फत धाडला होता, आणि म्हणूनच तो दाबून ठेवावा लागला. कागद खोटा करण्यापेक्षां खरा कागद पेटींत ठेवणें नेहमींच सोपें असतें, आणि त्याबद्दल कोणावर खटलाही होत नाहीं.

आतां आरोपांकडे वळूं. पहिला आरोप असा कीं, १८३६ च्या पावसाळ्यांत साताऱ्यास असलेल्या २३ व्या पलटणींतील देशी अंमलदारांस राजानें फितविण्याचा यत्न केला. अंताजी नांवाचा एक ब्राह्मण मध्यस्थ, दोन देशी अंमलदार फिर्यादी, आणि दिवाण गोविंदराव या कटाचे सूत्रधार, अशी मांडणी होती. चौकशीसाठीं ऑक्टोबरांत मुंबई सरकारचे चिटणीस विलोबी, कर्नल ओव्हान्स आणि रेसिडेंट लॉडविक यांचें एक गुप्त मंडळ साताऱ्यास बसलें. ‘गुप्त’ या शब्दावर वाचकांनीं थोडें थांबावें. ज्याचें सिंहासन पणाला लागलें त्या माणसाला साक्षीदारांची उलटतपासणी करूं दिली नाहीं. त्यानें साक्षींच्या नकला मागितल्या, पुनः मागितल्या. त्या मिळाल्या नाहींत. चौकशी करणारे, फिर्याद मांडणारे आणि निकालाची शिफारस करणारे एकच. या मंडळांतील लॉडविक यांना पुढें आपल्या हातून झालेल्या कामाबद्दल इतकें वाईट वाटलें कीं, विलायतेस गेल्यावर त्यांनीं कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत राजाची बाजू घेतली. न्यायमंडळांतील एक माणूस उठून आरोपीचा वकील होतो, असें उदाहरण आमच्या वाचनांत फार नाहीं. १८३७ सालीं लॉडविक साताऱ्याहून गेले आणि त्यांच्या जागीं ओव्हान्स आले. येथून कागदांचा खरा बाजार सुरू झाला.

गोविंदराव दिवाण अहमदनगरास कैदेंत होते. त्यांच्या मातोश्री गिरजाबाई यांच्या नांवाचा एक अर्ज मुंबई सरकारकडे आला. आपला मुलगा निरपराध आहे, जें झालें तें महाराजांच्या सांगण्यावरून झालें, अशा अर्थाचा तो होता. म्हातारी आई मुलाच्या सुटकेसाठीं खरें सांगते आहे, यापेक्षां हृदयास भिडणारा पुरावा कोणता? सरकारला तो भिडला. परंतु हा अर्ज गिरजाबाईंचा नव्हताच. तो कृष्णाजी सदाशिव भिडे नांवाच्या इसमानें रचला होता, आणि ही गोष्ट ओव्हान्स यांस १८३७ सालींच ठाऊक झाली होती. अर्ज बनावट आहे असें कळल्यावर प्रामाणिक अंमलदारानें काय करावें, हें सांगण्यास कायदेपंडित नको. ओव्हान्स यांनीं तें वरिष्ठांस कळविलें नाहीं. अर्ज दप्तरांत राहिला, त्याच्या आधारावर बांधलेली इमारतही राहिली, आणि पायाखालीं काय आहे तें एकट्या रेसिडेंटाच्या पोटांत राहिलें. पुढें हाच भिडे आपल्या कामगिरीचें बक्षीस मिळालें नाहीं म्हणून सरकारकडे अर्जविनंत्या करूं लागला! खोटा कागद करणारा उघडपणें मजुरी मागतो, याहून त्या काळच्या साताऱ्याचें वर्णन दुसरें कोणी काय करणार?

येथें आमचे प्रतिपक्षी म्हणतील कीं, एक अर्ज खोटा निघाला म्हणून सगळे कागद खोटे ठरत नाहींत. तें कबूल आहे. मग गोव्याचे कागद पाहूं.

आरोप असा कीं, प्रतापसिंहांनीं गोव्याचे व्हाइसरॉय डॉन मॅन्युएल यांच्याशीं वर्षानुवर्षें संधान बांधून पोर्तुगीज फौजेच्या साहाय्यानें इंग्रजांस हांकलण्याचा बेत केला. या आरोपाचे कागद व शिक्के कोणाकडून आले? बाळकोबा केळकर नांवाच्या एका माणसाकडून, ओव्हान्स यांच्या मध्यस्थांमार्फत, पैसे देऊन. ज्या मध्यस्थाच्या हातून गोव्याचें कारस्थान चाललें म्हणतात तो नागो देवराव तोंवर मरून गेला होता. मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाहीं ही त्याची मोठी सोय. खुद्द डॉन मॅन्युएल यांनीं असा कांहीं व्यवहार झाल्याचें पुढें पोर्तुगालहून साफ नाकारलें. आतां बेताची शक्यता तपासूं. १८३२ पासून १८३४ पर्यंत पोर्तुगालांत डॉन पेद्रु व डॉन मिगेल या दोघां भावांचें यादवी युद्ध चाललें होतें. गोव्याची अवस्था तर अशी कीं, १८३५ च्या जानेवारींत बर्नार्दु पेरिश द सिल्व्ह या गोमंतकीय गृहस्थाकडे कारभार आला आणि तो थोड्याच दिवसांत तेथील लष्करानें उलथून टाकला. ज्या दरबाराला पणजीची शिबंदी आवरत नव्हती तो साताऱ्यास सेना धाडणार होता! प्रतापसिंह भोळे होते असें कोणी म्हणेल. इतके भोळे असते तर त्यांना पदच्युत करण्यास एवढे कागद लागले नसते. तिसरा आरोप नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशीं कारस्थान केल्याचा. हे आप्पासाहेब १८१८ पासून राज्यभ्रष्ट, शेवटीं जोधपूरच्या आश्रयास राहिलेले, १८४० सालीं तेथेंच वारले. त्यांच्याजवळ देण्यासारखें सैन्य नव्हतें, पैसा नव्हता, मुलूख नव्हता. या आरोपावर अधिक शाई खर्चण्याची आमची इच्छा नाहीं.

सर रॉबर्ट ग्रँट १८३८ सालीं वारले आणि पुढल्या वर्षीं सर जेम्स कारनॅक गव्हर्नर होऊन आले. ऑगस्ट १८३९ मध्यें ते स्वतः साताऱ्यास आले आणि त्यांनीं राजापुढें एक कागद ठेवला. आजवर जें झालें तें मान्य करून पुढें तहाप्रमाणें वागण्याची कबुली द्यावी, सरकार मागील सर्व विसरेल, राज्य राहील. व्यवहारी माणसानें सही केली असती. आमच्यांतील पुष्कळ व्यवहारी माणसें आजही म्हणतात कीं, राजानें सही करावयास हवी होती. अपराध केला असो वा नसो, एका सहीनें राज्य वांचलें असतें. प्रतापसिंहांचें म्हणणें असें कीं, जें केलें नाहीं तें केलें म्हणून लिहून देणार नाहीं. चौकशी करा, पुरावा दाखवा, सिद्ध झालें तर राज्य सोडतों. येथें बनावट कागद कोण मागत होतें आणि तो करून देण्यास कोण नकार देत होतें, याचा विचार वाचकांनीं करावा. खोट्या कबुलीवर सही करणें म्हणजेही खोटा दस्तऐवज करणें होय. दडपणाखालीं केला म्हणून तो खरा होत नाहीं. ४ सप्टेंबरच्या रात्रीं फौज राजवाड्यांत शिरली. प्रतिकार झाला नाहीं. राजास लिंब येथें नेलें, तेथून काशीस. आणि १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. गादीवर बसविलेले धाकटे बंधु शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजीं वारले, तेव्हां औरस वारस नाहीं हें निमित्त पुढें करून डलहौसीनें राज्य खालसा केलें. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क व साताऱ्याचे रेसिडेंट फ्रियर या दोघांचें मत विरुद्ध होतें, तेंही कागदावरच राहिलें.

या अन्यायाविरुद्ध कागद हातांत घेऊनच एक माणूस उठला, तो रंगो बापूजी गुप्ते. रोहिडखोऱ्यांतल्या कारीचा हा प्रभु गृहस्थ विलायतेस गेला, इंग्रजी शिकला आणि १८५३ पर्यंत तेथें ठाण मांडून बसला. जोसेफ ह्यूम यांनीं पार्लमेंटांत आणि जॉर्ज टॉम्सन यांनीं भागीदारांच्या सभेंत हा विषय लावून धरला तो त्यांनीं पुरविलेल्या कागदांवर. भिड्यांच्या अर्जाची भानगड लंडनांत चव्हाट्यावर आली ती याच खटपटीनें. सभेंत हातवर करून मतें मोजलीं गेलीं आणि प्रत्येक वेळीं बहुमत कंपनीचें झालें. पुरावा ऐकून मत बदलावें अशी ती सभाच नव्हती. ती भागीदारांची होती, न्यायाधीशांची नव्हे. या खटपटींत रंगो बापूजींच्या आयुष्याचीं चौदा वर्षें गेलीं. त्या माणसाच्या कामाचा एक भाग आमच्या मतें अजून पुरता ओळखला गेलेला नाहीं. देशी राजावर झालेल्या आरोपांचें उत्तर मुलकी कागदपत्रांच्या आधारें, छापील पुस्तिकांनीं, जाहीर सभेंत द्यावयाचें, ही रीत त्यांनीं महाराष्ट्रांत प्रथम घालून दिली.

मेजर बामनदास बसू यांचें साताऱ्यावरील इंग्रजी पुस्तक १९२२ सालीं आणि प्रबोधनकार ठाकरे यांचें प्रतापसिंह व रंगो बापूजी यांवरील पुस्तक १९४८ सालीं निघालें. दोघांनींही परिश्रम केले. परंतु आमच्याकडे या विषयाला एक दुर्दैवी वळण लागलें आहे, तेंही सांगितलें पाहिजे. बाळाजीपंत नातू, भिडे, केळकर हीं नांवें घ्यावयाचीं आणि एका जातीवर तुटून पडावयाचें. लगेच दुसऱ्या बाजूनें जातीची अब्रू राखण्यासाठीं कंपनीची वकिली करावयाची. दोन्ही पक्षांना कागदांशीं कर्तव्य राहत नाहीं. पैसे घेऊन खोटा अर्ज लिहिणाऱ्याची जात विचारण्यापेक्षां पैसे देणाऱ्याचा हुद्दा विचारावा. विलोबी, ओव्हान्स, ग्रँट आणि कारनॅक कोणत्या शाखेचे होते? राजाच्या बाजूनें विलायतेंत झगडणारे ह्यूम व टॉम्सन तरी कोणत्या गोत्राचे? जातीचा वाद येथें आणला कीं मूळ गुन्हेगार मजेंत निसटतो, आणि गेल्या शंभर वर्षांत तो पुष्कळदां निसटला आहे.

अशा खटल्यांची जगांत वाण नाहीं. फ्रान्समध्यें १८९४ सालीं कॅप्टन ड्रेफस यांस देशद्रोहाबद्दल शिक्षा झाली. न्यायाधीशांस एक गुप्त बाड दाखविलें गेलें आणि तें आरोपीस किंवा त्याच्या वकिलास दाखविलें नाहीं. पुढें त्याचा अपराध पक्का करण्यासाठीं कर्नल आंरी यानें आणखी एक कागद बनविला, आणि १८९८ च्या ऑगस्टांत त्याची कबुली दिली. ड्रेफस यांस १९०६ सालीं निर्दोष ठरविलें गेलें. साताऱ्याच्या व पॅरिसच्या प्रकरणांत साठ वर्षांचें अंतर आहे, पण कृति एकच: गुप्त चौकशी, न दाखविलेला कागद, मागाहून जोडलेला बनावट कागद, आणि चूक कळल्यावर राज्याच्या अब्रूखातर पाळलेलें मौन. भेद इतकाच कीं फ्रान्सला एक झोला मिळाला आणि त्याचें म्हणणें ऐकणारें राष्ट्रही मिळालें. आमचा रंगो बापूजी परक्या राजधानींत परक्या भाषेंत बोलत होता.

कंपनीला कागदाचें हें हत्यार एकदां सांपडल्यावर तें राजापुरतें राहिलें नाहीं. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनला बळ मिळालें आणि दक्षिण महाराष्ट्रांतील इनामदारांस हुकूम सुटले कीं, सनदा दाखवा. पेशव्यांचें सगळें दप्तर १८१८ पासून सरकारच्या ताब्यांत. पुराव्याचें ओझें मात्र इनामदारावर! पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असून सनद वाळवीनें खाल्ली असेल तर इनाम गेलें. सनद पुढें केली तर ती बनावट तर नाहीं, हा संशय तयार. इंग्रज इतिहासकार सर जॉन के यांनीं दिलेला आकडा असा कीं, पहिल्या पांच वर्षांत सुमारें ३५,००० इनामांची चौकशी झाली आणि त्यांतलीं तीन पंचमांश जप्त झालीं. ज्याच्या कोठडींत दप्तर आहे त्यानेंच दुसऱ्याला ‘तुझा कागद कोठें?’ म्हणून विचारावें, हा न्याय आजही तलाठ्याच्या कचेरींत ज्यानें जुनी फेरफाराची नोंद मागितली त्याला परका वाटणार नाहीं. नोंद ‘सांपडत नाहीं’ असें उत्तर मिळतें, आणि ती न सांपडल्याची शिक्षा मागणाऱ्याला होते.

शेतकऱ्यानें या न्यायाचें उत्तर आपल्या परीनें दिलें. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या गेल्या. त्याच वर्षीं सातारा जिल्ह्यांत, आज सांगली जिल्ह्याच्या शिराळें तालुक्यांत मोडणाऱ्या कुकरूड गांवींही तोच प्रकार झाला. दंगा करणारांचा रोख माणसांवर क्वचितच होता. सावकारानें कागद दिले कीं लोक परत जात, हें सरकारी कमिशननेंच नमूद केलें आहे. हे लोक पुरावा नाहींसा करणारे गुन्हेगार होते काय? कायद्यानें होते, आणि त्यांना शिक्षाही झाल्या. परंतु चारच वर्षांनीं, १८७९ सालीं, त्याच सरकारला पुणें, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला, आणि त्यांत न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ देण्याघेण्याचा इतिहास तपासण्यास सांगितलें. म्हणजे कागदावर अंगठा आहे एवढ्यानें कागद खरा ठरत नाहीं, हें कुकरूडच्या शेतकऱ्याचें म्हणणें कलकत्त्याच्या कायदेमंडळानें मान्य केलें. हाच न्याय चाळीस वर्षें आधीं त्या शेतकऱ्याच्या राजाला मिळाला असता तर?

१९४२ सालीं याच मुलुखांत पुनः कागद जळले. तासगांव, वाळवें, शिराळें, कराड, पाटण या बाजूंस गांवोगांवच्या चावड्यांतील दप्तरांना आग लागली. पुढें क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा अंमल चालला तो याच भागांत. या जाळपोळीला आम्ही प्रतापसिंहांच्या प्रकरणाशीं जोडतों तें मुद्दाम. दप्तर जाळणें हें कृत्य एकच असलें तरी जाळणाऱ्याचा हेतु पाहिल्यावांचून गुन्हा ठरत नाहीं. या लोकांनीं आपलें पाप लपविण्यासाठीं कागद जाळले नाहींत. परक्या अंमलाची खूण म्हणून जाळले, आणि तें लपविलेंही नाहीं. तथापि या जळितांत गरीब कुळाची एकुलती एक नोंदही गेली असेल, हें विसरून जो आज त्याचा नुसता पोवाडाच गातो त्याच्याशींही आमचें जमत नाहीं.

हेतूचा हा मुद्दा आमच्या कल्पनेंतला नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करण्याचा गुन्हा सांगितला आहे, तो ‘पुरावा म्हणून हजर होऊं नये’ या हेतूशीं जोडूनच. जुन्या दंड संहितेंतही तसेंच होतें. अमेरिकेंत आर्थर अँडरसन या हिशेबनीस पेढीला एन्रॉनचे कागद नष्ट करविल्याबद्दल दोषी ठरविलें गेलें, तो निकाल २००५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें फिरविला. कारण आरोपीला आपण गैर करीत आहों याची जाणीव होती कीं नाहीं, हें ज्युरीनें पाहावें असें तिला नीट सांगितलें नव्हतें. ती पेढी तोंवर मोडून पडली होती हें खरें, आणि तिच्याविषयीं आम्हांस विशेष कळवळा आहे असेंही नाहीं. पण जिच्याविषयीं कळवळा नाहीं तिच्याही हेतूची परीक्षा झाली पाहिजे, इतकें त्या न्यायालयाला वाटलें. आमच्या फौजदारी कायद्यानें आज पोलिसांचा अहवाल व साक्षीदारांचे जबाब यांच्या नकला आरोपीस विनामूल्य द्याव्या लागतात. खिसेकापूला मिळणारी ही नक्कल १८३६ सालीं छत्रपतीला मिळाली नाहीं.

शेवटीं एक आक्षेप राहतो, आणि आमच्या अनुभवास तोच फार वेळां आला आहे. १८५७ सालीं रंगो बापूजींनीं साताऱ्यांत उठावाची तयारी केली. तेव्हां हीं माणसें मुळापासूनच राजद्रोही होतीं, आणि म्हणून १८३६ चे आरोपही खरेच असले पाहिजेत, असा हा आक्षेप. तो करणारे दोन प्रकारचे असतात. कांहींना इंग्रजांची बाजू सांवरावयाची असते. कांहींना उलट, प्रतापसिंहांना आद्य क्रांतिकारक ठरवून त्यांचा गौरव करावयाचा असतो. दुसऱ्या वर्गाची भक्ति आम्हांस समजते, पण ज्या आरोपाचा त्या राजानें मरेपर्यंत इन्कार केला, ज्यासाठीं त्यानें राज्य सोडलें पण सही केली नाहीं, तोच आरोप त्याच्या गळ्यांत हार म्हणून घालणें हा कोणता गौरव? ज्या माणसानें चौदा वर्षें लंडनांत सभा, अर्ज व पुस्तिका यांचा मार्ग धरला आणि जो रिकाम्या हातानें परतला, त्यानें विसाव्या वर्षीं दुसरा मार्ग धरला तर त्यावरून पहिल्या वर्षींच्या फितुरीचा पुरावा निघत नाहीं. निघत असेल तर तो न्याय नाकारल्याचा. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजी सरकारच्या हातीं लागले नाहींत.